सहा आकड्यांचा मान

तुमच्या मोबाईलवर आलेला सहा आकड्यांचा कोड तुम्ही शेवटचा कोणाला वाचून दाखवलात? अनोळखी माणसाला तुम्ही देणार नाही, हे मला माहीत आहे. फोन लावला की आधी वाजणाऱ्या सूचनेने एवढं तरी आपल्याला शिकवलं आहे. मी ओळखीच्या माणसाबद्दल विचारते आहे. ज्याला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, त्याच्याबद्दल.

संगमनेरजवळच्या एका शिक्षणसंस्थेत मी दोन वर्षं कंत्राटी नोकरी केली. शाळा, ज्युनिअर कॉलेज, नर्सिंग कॉलेज आणि मुलींचं वसतिगृह, असा तिचा पसारा. सगळा कारभार 'बरं दिसत नाही' या तीन शब्दांवर चाले. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या संस्थांची माणसं म्हणतील, ती तसलीच आहे, आमच्याकडे असलं काही नसतं. मला ती सोय कोणाला करून द्यायची नाही.

माणसांचे मात्र हुद्दे लिहीन. ही सवय घरची आहे. भिंगारच्या बाजारात अब्बा छापखान्यात मशीन चालवायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे. विडी कामगारांची पत्रकं, मोलकरणींची, तलाक देऊन घराबाहेर काढलेल्या बायकांची. आमच्या घरी पुस्तकं चार आणि पत्रकं पोतंभर. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. 'काही समाजकंटकांनी' अशी सुरुवात असलेलं पत्रक हातात आलं की अब्बा ते बाजूला टाकायचे. ज्याला कोणी केलं हे माहीत आहे आणि तरी जो 'काहींनी' लिहितो, त्याने शाई वाया घालवू नये, असं त्यांचं म्हणणं.

माझं काम संगणक विभागाचं. विभाग म्हणजे झेरॉक्सच्या खोलीमागची एक खोली, त्यात तीन कॉम्प्युटर आणि मी. संस्थेचे सगळे कागद 'क्लाउड'वर होते. हा शब्द तिथे फार अभिमानाने उच्चारला जाई, पण तो काय आहे हे कोणी विचारत नसे. दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या, लांबच्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली ती जागा. मुलांचे प्रवेश अर्ज, पत्ते, आधार कार्डांचे फोटो, पालकांचे नंबर, वसतिगृहात कोण कुठल्या खोलीत राहतं, सगळं तिथे. त्या जागेचं एक मुख्य खातं असतं, ॲडमिनचं. त्यातून आत गेलेल्या माणसाला सगळं दिसतं, सगळं पुसता येतं, आणि बाकीच्यांना बाहेर काढून दार लावता येतं.

या खात्याचा पासवर्ड होता अध्यक्षांचं नाव आणि त्यांची जन्मतारीख. जन्मतारीख शोधायला कोणाला हेर व्हावं लागलं नसतं. दरवर्षी त्या दिवशी बस स्टँडपासून कॉलेजच्या फाट्यापर्यंत फ्लेक्स लागत आणि त्यांवर अध्यक्ष मोबाईल कानाला लावून जनतेची काळजी करताना दिसत. मी आल्यावर महिन्याभरात पासवर्ड बदलला. दुसऱ्याच दिवशी कार्यालय अधीक्षकांनी तो पूर्ववत करायला लावला. अधीक्षकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. साहेबांचं नाव काढून तिथे असलं गचाळ इंग्रजी टाकलंत, साहेबांना कळलं तर काय वाटेल, असं त्यांनी मला विचारलं. मी पूर्ववत केला. तेव्हा मला नोकरी हवी होती.

एक गोष्ट मात्र मी करून घेतली. प्रत्येक कारकुनाला त्याच्या कामापुरतं वेगळं खातं उघडून दिलं. परीक्षेवाल्याला परीक्षेचं दिसेल, ग्रंथालयाला ग्रंथालयाचं. आणि काही अर्ज असे ठेवले की ते नर्सिंगच्या प्राचार्यांच्या, माझ्या आणि मुख्य खात्याशिवाय उघडणार नाहीत. ते एका मुलीमुळे.

ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आली तेव्हा प्राचार्या तिला स्वतः माझ्या खोलीत घेऊन आल्या. वय वीस-एकवीस. सासर कोल्हारच्या बाजूचं, बागायतदार घर. तिथून ती एका सकाळी डेअरीत दूध घालायला म्हणून निघाली आणि परत गेली नाही. मनगटाचं हाड नीट न जुळल्यामुळे तिचा डावा हात जरा वाकडा दिसे. नवऱ्यापेक्षा दीर जास्त मारायचा, असं तिने प्राचार्यांना सांगितलं होतं. एका महिला संघटनेच्या कार्यकर्तीने तिला प्रवेश मिळवून दिला. दीर तिला शोधत होता. पालक म्हणून तिने मावशीचा नंबर दिला आणि अर्ज भरता भरता थांबली.

"मॅडम, हे कुनाकुनाला दिसतं?"

"मला आणि प्राचार्या मॅडमना. तिसऱ्या कोणाला नाही," मी म्हणाले.

मुख्य खात्याचा पासवर्ड फ्लेक्सवर लावलेला असताना मी हे म्हणाले. माझ्या मनात होतं की थोड्या दिवसांत हे बंदोबस्तात आणू. तिला मात्र मी 'थोड्या दिवसांत' म्हणाले नाही. बाकीच्यांबद्दल लिहिताना हेही लिहिलं पाहिजे.

संधी आपोआप आली. क्लाउडवाल्या कंपनीने कळवलं की मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावणं आता सक्तीचं आहे, ठरलेल्या मुदतीत लावली नाही तर खातं अडकेल. दुहेरी पडताळणी म्हणजे नुसत्या पासवर्डने दार उघडत नाही. त्याशिवाय तुमच्या हातात असलेली एक वस्तू लागते. मोबाईलवरचं एक ॲप, जे दर अर्ध्या मिनिटाला सहा आकड्यांचा नवा कोड दाखवतं. किंवा बोटाच्या पेराएवढी एक चावी, जी कॉम्प्युटरला लावून दाबायची. मी अशा दोन चाव्या आधीच मागवून ठेवल्या होत्या. माझा बेत साधा होता. एक चावी प्राचार्यांकडे, दुसरी सीलबंद पाकिटात त्यांच्या कपाटात, आणि रोजच्या कामाला हे खातं कोणी वापरायचंच नाही.

हा बेत मी बैठकीत मांडला. चाव्या टेबलावर ठेवल्या. भाऊसाहेबांनी एक उचलून पाहिली आणि म्हणाले, असले पेन ड्राईव्ह आपल्याकडे पडलेत की चार-पाच. मग मी मोबाईलच्या ॲपबद्दल सांगितलं, तुलना व्हावी म्हणून. तीच माझी चूक झाली. बैठकीत आतापर्यंत पेंगणारी माणसं एकदम ताठ बसली. कोड येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न निघाला, कोणाच्या मोबाईलवर येणार?

गावात देवळाच्या यात्रेला पहिला नारळ कोणाचा, यावरून भावाभावांची डोकी फुटलेली आमच्या भागाने पाहिली आहेत. बैठकीचं तेच झालं. सचिवांना वाटलं, कार्यालयीन बाब आहे, कोड त्यांच्याकडे यावा. उपाध्यक्षांनी आठवण करून दिली की मागच्या इमारतीच्या कोनशिलेवर त्यांचं नाव बारीक अक्षरात घातलं होतं, तेव्हा या वेळी त्यांचा विचार व्हावा. मी पुन्हा म्हणाले की प्राचार्या रोज कॉलेजमध्ये असतात, त्यांच्याकडे चावी राहू द्या. भाऊसाहेब माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी भर लग्नात नवरदेवाला उठवून आचाऱ्याला पाटावर बसवायला सांगितलं होतं.

"साहेब असताना कोड बाईंच्याकडे? बरं दिसतं का ते?"

अध्यक्ष आता खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे माझ्याशिवाय कोणालाच आत जाता येणार नाही?"

"तुमच्या मोबाईलवर ॲप घेतलं तर नाही येणार," मी म्हणाले.

"मग असंच पाहिजे," ते म्हणाले आणि बैठक संपली.

लगेच ठरलं की हे काम असंच करायचं नाही, उद्घाटन करायचं. माझ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ आली, नारळ फुटला आणि खोबऱ्याचे तुकडे कीबोर्डवर ठेवले गेले. पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चौकट आली. ती मोबाईलने टिपली की ॲप सुरू होतं. अध्यक्षांनी मोबाईल काढला, पाच-सहा वेळा उलटासुलटा केला आणि मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिला. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. मामांनी ॲप उतरवलं, चौकट टिपली, सगळं दोन मिनिटांत. मग फोटोसाठी अध्यक्षांनी पडद्याला बोट लावलं. भाषणात त्यांनी परदेशातल्या हॅकरांना आव्हान दिलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मुदत टळायच्या आत काम उरकलं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि चहा घेऊन मी माझ्या खुर्चीत बसले.

संध्याकाळी तो फोटो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. सगळे शिक्षक, कर्मचारी आणि कितीतरी पालक त्या ग्रुपवर. अध्यक्षांच्या बोटाशेजारी ती ठिपक्यांची चौकट स्वच्छ दिसत होती. कोड तयार करण्याचं गुपित त्या चौकटीतच असतं. फोटो मोठा करून जो कोणी आपल्या मोबाईलने टिपेल, त्याच्याकडेही तेच कोड दिसू लागतील. मी सकाळी भाऊसाहेबांकडे गेले. फोटो काढून टाका आणि नवी चौकट घेऊन पुन्हा जोडू, असं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. फोटोला चारशे अंगठे आलेत, म्हणाले, आणि एकदा नारळ फुटल्यावर त्याच गोष्टीचं पुन्हा उद्घाटन करत नसतात. मी म्हणाले, उद्घाटन नको, नुसतं जोडू. साहेबांना काय सांगायचं, पहिलं चुकलं म्हणून, असं त्यांनी विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला मी अजून तयार नव्हते.

यानंतर कोडाचा संसार सुरू झाला. अध्यक्षांचा मोबाईल अध्यक्षांच्या हातात फक्त फ्लेक्सवर असे. एरवी तो मामांच्या शर्टाच्या खिशात. अध्यक्ष लग्नांना जात, दहाव्याला जात, सत्कारांना जात, आणि मामा गाडीत बसून फोन घेत. ज्यांनी आपापली छोटी खाती कधी उघडलीच नव्हती, ते पूर्वीसारखे मुख्य खात्यातूनच शिरत आणि मामांना फोन लावत. मामा कोड सांगत. मी दोनदा लेखी दिलं की हे थांबवा. पहिला कागद भाऊसाहेबांनी फाइलला लावला. दुसऱ्या वेळी त्यांनी मला विचारलं की मामांवर माझा विश्वास नाही का, ते बावीस वर्षं साहेबांकडे आहेत.

मला मामांवर विश्वास होता. आजही आहे. प्रश्न तो नव्हताच, आणि हे भाऊसाहेबांना समजावण्यात मी किती श्वास खर्च केला हे आठवलं की मला माझीच कीव येते.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, दुपारच्या सुट्टीत ती मुलगी माझ्या खोलीत आली. युनिफॉर्मवरच होती, दवाखान्यातली पाळी संपवून आलेली. बसली नाही. तिच्या मावशीला दिराचा फोन आला होता. तो शिव्या द्यायला लागला असता तर मावशी घाबरली नसती, त्या रोजच्याच होत्या. तो शांतपणे वाचून दाखवत होता. भाची बारा नंबरच्या खोलीत राहते. सोमवारपासून तिला सकाळची पाळी आहे, अमुक वॉर्डात. अर्जात तुमचा नंबर पालक म्हणून दिलाय. आम्ही येतो तिला न्यायला, तुम्ही काळजी करू नका.

"मॅडम, तुमी म्हनला हुता दोघींनाच दिसतं," ती म्हणाली.

ती ओरडली नाही, रडली नाही. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की मी तसं म्हणाले होते. मी म्हणाले, हो, म्हणाले होते.

मी खात्याच्या नोंदी काढल्या. कोण कधी आत आलं आणि काय उघडलं, हे तिथे राहतं. आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कोणीतरी एका मोबाईलवरून मुख्य खातं उघडलं होतं. एकच अर्ज पाहिला होता, तिचा. मग वसतिगृहाची यादी, मग वॉर्डातल्या पाळ्यांचा तक्ता. पासवर्ड बरोबर, कोडही बरोबर. माझं डोकं लगेच त्या फोटोवर गेलं. कोणीतरी चौकट टिपून ठेवली, महिनोन्महिने वाट पाहिली आणि आता वापरली. मला चोर हवा होता. इतक्या दिवसांच्या माझ्या ओरड्याला शोभेल असा, हुशार चोर.

अध्यक्षांची गाडी कडुलिंबाखाली उभी होती आणि मामा काच पुसत होते. मी त्यांना विचारलं की काल अकराच्या सुमारास कोणी कोड मागितला होता का. नाही म्हणतील, अशी माझी खात्री होती.

"काल तिघांनी मागितला," मामा म्हणाले. "अकराला व्हय? अकराला परीक्षेवाले सर."

"कशाला पाहिजे, ते विचारलं नाही का तुम्ही?"

"इचारलं ना. पाहुन्यांच्या सुनेचा फॉर्म बघायचाय म्हनले. म्हनलं घ्या. घरचंच काम हाय."

परीक्षा विभागाचा कारकून हा तिच्या सासरच्या गावचा. त्याच्या स्वतःच्या खात्यातून तिचा अर्ज उघडत नव्हता, कारण मी तो बंद केला होता. म्हणून त्याने फ्लेक्सवरचा पासवर्ड टाकला आणि मामांना फोन लावला. गुपित चौकट, हॅकर, परदेश, कशाचीच गरज पडली नव्हती. त्याने नातं सांगितलं आणि कुलूप उघडलं.

मामांना माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. त्यांनी फडकं खाली ठेवलं. "ताई, लई मोठी चूक झाली का? पन मी न्हाई कसं म्हनू? ते सर हायेत. मी ड्रायव्हर."

यावर काय म्हणायचं? ज्या खुर्चीवरच्या माणसाला नाही म्हणता आलं असतं, त्याने कोड मानासाठी घेतला आणि ज्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही त्याच्या खिशात ठेवला. आणि हे सगळं संस्थेच्या रीतीला धरून होतं.

मी आधी भाऊसाहेबांकडे गेले. नोंदीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा ठेवला आणि त्याच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. परीक्षेवाला सज्जन माणूस आहे, म्हणाले. नवरा-बायकोच्या भांडणात संस्थेने पडू नये. आणि सासरच्यांना सुनेचा पत्ता कळला म्हणजे काय आकाश कोसळलं? साहेब आज लग्नाला निघालेत, उद्या पुण्याला आहेत, परवा आले की विषय ठेवू. मी विचारलं, आणि तो माणूस उद्या आला तर? तर वॉचमन आहे ना, असं ते म्हणाले. वॉचमन त्यांच्या चुलत्याचा मुलगा होता आणि तोही कोणाला नाही म्हणत नसे.

तिथून मी प्राचार्यांकडे गेले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दोन वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. बैठकीत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी मुलीला आपल्या केबिनमध्ये बसवून घेतलं होतं. माझं सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं की दार आत्ता बंद करता येईल का.

"येईल. पण बंद करायलाही साहेबांच्या मोबाईलवरचा कोड लागेल."

प्राचार्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

"मग मागा," त्या म्हणाल्या.

मी मामांना फोन लावला. मी प्राचार्यांशी बोलत होते तेवढ्यात अध्यक्ष लग्नाला निघाले होते, मामा गाडी चालवत होते आणि मागे अध्यक्षांचा आवाज येत होता, ते दुसऱ्या फोनवर कोणाला तरी आशीर्वाद देत होते. मी म्हणाले, मामा, कोड पाहिजे होता. मामांनी गाडी बाजूला घेतली आणि सहा आकडे वाचले. मी आत शिरले. अध्यक्षांचा मोबाईल काढून टाकायला पुन्हा कोड मागितला गेला.

"मामा, अजून एक लागेल."

"घ्या की ताई," ते म्हणाले, आणि हळू आवाजात विचारलं, "त्या पोरीसाठीच ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चुकू नयेत म्हणून.

पाच मिनिटांत अध्यक्षांचा मोबाईल खात्यातून गेला. पासवर्ड मी असा ठेवला की तो कोणाच्याच वाढदिवसाला सापडणार नाही. पेन ड्राईव्ह म्हणून हिणवलेल्या त्या दोन्ही चाव्या जोडल्या. एक प्राचार्यांनी पर्समध्ये टाकली. दुसरी, आणि चाव्या हरवल्याच तर वापरायच्या कोडांचा छापील कागद, एका पाकिटात घालून त्यावर त्यांनी सही केली आणि पाकीट कपाटात ठेवलं. बंद अर्ज मला दिसत होते ती वाटही मी बंद केली. तिला दिलेल्या शब्दात माझं नाव होतं, पण त्या यादीत मी असण्याचं आता काही कारण उरलं नव्हतं.

त्याच दुपारी प्राचार्या त्या मुलीला स्वतःच्या गाडीत घेऊन गेल्या. वाटेत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आणि तिची पोच घेतली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गेटवर एक जीप आली. दीर आणि बरोबर दोघं. वॉचमनने अपेक्षेप्रमाणे दार उघडलं. बारा नंबरची खोली त्यांना बरोबर सापडली. पलंगावर गादी गुंडाळलेली होती.

तिची त्या वर्षीची परीक्षा बुडाली. वाकड्या हाताने दोन वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या चढून तिने जे मिळवलं होतं, त्यातलं एक वर्ष संस्थेच्या सौजन्याने गेलं. ती आता दुसरीकडे शिकते. कुठे, ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

चौकशी झाली. माझी. अध्यक्षांच्या मोबाईलवरचा कोड त्यांच्या परवानगीशिवाय मिळवणे, असा आरोप होता. मी विचारलं की त्या मोबाईलवरचा एक तरी कोड आजवर अध्यक्षांच्या परवानगीने दिला गेला होता का. हा उद्धटपणा इतिवृत्तात लिहिला गेला, प्रश्न लिहिला गेला नाही. परीक्षेवाल्याचं काय, तर त्याने कोड रीतसर मागून घेतला होता, त्यामुळे त्याचा दोष दिसून आला नाही. त्याची बदली झाली, घराजवळच्या शाखेत. अध्यक्षांनी एका सभेत मोबाईल बाहेर काढून ॲप उघडलं, ते रिकामं दिसलं, आणि भाऊसाहेब मला म्हणाले, "साहेबांचा मान काढून घेतलात तुम्ही." त्या संस्थेत मी ऐकलेलं हे एकमेव तांत्रिकदृष्ट्या अचूक वाक्य.

माझं कंत्राट पुढे चाललं नाही. त्याचं मला दुःख नाही आणि कौतुकही नको. खोबऱ्याच्या तुकड्यांत बसून मीही टाळ्या वाजवल्या होत्या. चावी प्राचार्यांकडे राहिली. ती परत द्या, असं त्यांना तीनदा सांगितलं गेलं आणि तिन्ही वेळा त्यांनी लेखी नकार दिला. मी निघताना त्या एवढंच म्हणाल्या की नाही म्हणणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, नाहीतर तीस वर्षं आधी सुरू केलं असतं.

पण त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोण आलं आणि चावी आता कोणाच्या पर्समध्ये किंवा कोणाच्या फ्लेक्सवर आहे, हे मला कोणी सांगत नाही. त्या क्लाउडवर तिच्यासारखे बंद ठेवलेले अजून नऊ अर्ज होते. त्या नऊजणींना तेच वचन दिलेलं आहे, आणि तुमच्या गावच्या संस्थेतही अशी कोणीतरी असणार, जिच्या अर्जातला पत्ता कळण्याची कोणीतरी वाट पाहत आहे.

म्हणून एक काम करा. तुमची मुलगी, बहीण, भाची ज्या शाळेत किंवा कॉलेजात शिकते, तिथे या आठवड्यात जा आणि कोऱ्या कागदावर एक अर्ज लिहा. विद्यार्थ्यांची माहिती जिथे ठेवली आहे त्याच्या मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी आहे का? तिची चावी किंवा कोड कोणत्या हुद्द्याच्या व्यक्तीकडे आहे, आणि ती वस्तू त्याच व्यक्तीच्या हातात असते का? पासवर्ड विचारू नका, तो त्यांनी सांगताच कामा नये. तुम्हाला चहा विचारतील, असले प्रश्न बरे दिसत नाहीत म्हणतील, तुमचे कोण कोण त्यांच्या ओळखीचे आहेत ते सांगतील. चहा घ्या. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घातलेली पोच मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.